शेडमधला तास

जून उजाडला की शारजातली शहाणी माणसं गावी पळतात. शाळांना सुट्टी लागते, विमानाची तिकिटं आभाळाला भिडतात आणि अल नहदातल्या आमच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये एरवी भांडूनही न मिळणारी जागा आपणहून मोकळी होते. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण "कधी निघताय?" एवढंच विचारतो. माझ्या मात्र नेमक्या याच दिवसांत अंगात वारं शिरतं. माझा नवरा मिलिंद म्हणतो, "या उकाड्यात खुश होणारी बाई सबंध यूएईत एकच असेल, आणि ती माझ्याच नशिबी आली."

त्याला कारण आहे. माझा उन्हाळा कॅलेंडरने सुरू होत नाही, एका नोटिशीने सुरू होतो. हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत मी एचआर सांभाळते. लोखंड कापायचं, वाकवायचं, जोडायचं आणि जहाजावर चढवून पाठवायचं, हे आमचं काम. जूनच्या मध्यावर मी एक कागद पाच भाषांत छापून गेटवर, कॅन्टीनच्या दारावर आणि बसच्या काचेवर चिकटवते: दुपारी साडेबारा ते तीन, उघड्या उन्हात काम बंद. सरकारचा नियमच आहे, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. यंदाही चिकटवला. चिकटपट्टी उन्हाने इतकी पाघळली होती की बोटांनाच लागून राहिली. बोटं पुसता पुसता तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला, आणि तो आठवला की मला एका जागी बसवत नाही.

त्या उन्हाळ्यात अप्पा आले होते. अप्पा म्हणजे माझे वडील. पिंपरीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं मशीन चालवलं, त्यातली अठरा वर्षं युनियनचे सेक्रेटरी. दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आले. विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं आणि त्यांचा चष्मा पांढरा झाला. पुसला, पुन्हा पांढरा. "सुमे, इथे हवा आहे का वाफ?" एवढं विचारून ते गाडीत बसले आणि पट्टा लावायच्या आधी दुसरा प्रश्न आला. "तुझ्या कंपनीत युनियन कुठली?"

"इथे युनियन नसते, अप्पा. कायद्यातच नाही. संपही नाही."

रस्त्याच्या कडेच्या खजुरांना जाळ्या बांधल्या होत्या, आत घोस पिवळे पडत चालले होते. अप्पांनी मान वळवून त्या बघितल्या. मग म्हणाले, "मग माणसं भांडतात कुठे?"

"भांडत नाहीत."

"म्हणजे घरी जाऊन भांडत असतील," अप्पा म्हणाले. मागच्या सीटवर माझी लेक इरा खुदकन हसली.

मी लहान असताना दुपारी तीनला पहिली पाळी सुटायची आणि दुसरी आत जायची, त्या वीस मिनिटांत अप्पांची गेटसभा असायची. मी आईबरोबर भाजी आणायच्या निमित्ताने जाऊन उभी राहायचे. अप्पा एका पालथ्या खोक्यावर चढत. माइक नसे. घरात ज्यांचं बोलणं आईला दोनदा विचारावं लागे, त्या माणसाचा आवाज तिथे पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा. शर्टाला मशीनच्या तेलाचा वास, खिशाला पेन, आणि समोर शेकडो डोकी गप्प. माझ्या अंगावर काटा यायचा. आजही तो वास कुठे आला की मान आपोआप वर होते.

मग युनियनमध्ये पक्ष शिरला. गेटवरच्या पाटीचा रंग बदलला. ज्यांनी जन्मात मशीनला हात लावला नव्हता असे एक साहेब अध्यक्ष झाले. त्या वर्षीचा करार गेटवर झाला नाही, साहेबांच्या बंगल्यावर झाला, आणि सेक्रेटरी असलेल्या अप्पांना तो नोटीस बोर्डावर वाचावा लागला. साहेबांना पुढे महापालिकेचं तिकीट मिळालं. कामगारांच्या तोंडाला पानं पुसली गेली. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. मी नववीत होते. मनाशी ठरवून टाकलं की हा उद्योग आपला नाही. पुढे मी एचआर शिकले, म्हणजे थेट पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. तेव्हापासून अप्पा मला चिडवताना नावाने हाक मारत नाहीत, "काय म्हणतं व्यवस्थापन?" असं विचारतात.

तर त्या जूनमध्ये आमच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी चहाबरोबर वाद रंगायचा. मिलिंद एका बाजूला. त्याचं म्हणणं सरळ होतं. "अप्पा, इथे पगार ठरल्या तारखेला बँकेत पडतो. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. तक्रार असेल तर सरकारी नंबर आहे, फोन करायचा. ना मोर्चा, ना टाळेबंदी, ना कुणाचा झेंडा. तुमच्या युनियनने शेवटी काय मिळवलं? एका माणसाला तिकीट."

अप्पांनी बशीतला चहा संपवला. "मिळतं सगळं, हे मी बघतोय. मागता येतं का?"

"मागायची वेळच येत नाही."

"जावईबापू, न मागता मिळतं ते प्रसादासारखं. हातावर पडेल तेवढंच. आणि साहेबांचं म्हणाल तर सुरीने बोट कापलं म्हणून तुम्ही भाजी चिरायची सोडली का?"

मी दोघांच्या मध्ये कपबश्या उचलत असायचे आणि मनातून दोघांशीही सहमत असायचे. दोघांचंही खरं होतं. तोंडाने मात्र मी मिलिंदची बाजू घेई, कारण अप्पांशी भांडण्यातली मजा मला लहानपणापासून सोडवत नाही.

आणि नेमकं तेव्हाच कंपनीत ते कमिटीचं निघालं. आमच्या एका परदेशी गिऱ्हाइकाने अट घातली होती की कामगारांची वेल्फेअर कमिटी हवी. आमचे जनरल मॅनेजर नबील साहेब मूळचे जॉर्डनचे, पंचवीस वर्षं इथे राहून सगळ्यांशी मोडकं हिंदी बोलणारे. ते म्हणाले, "सुमेधा, चार नाम लिखो, फोटो लो, खलास."

घरी सांगितल्यावर अप्पांना चहाचा ठसका लागला. "नावं तू लिहिणार? मग ती तुझी कमिटी. त्यांची कशी?"

रात्रभर ते वाक्य डोक्यात घुमलं. दुसऱ्या दिवशी मी नबील साहेबांना म्हटलं, निवडणूक घेऊ या. त्यांनी खुर्ची दोन फूट मागे सरकवली. "हबीबी, इलेक्शन वर्ड नहीं बोलने का." बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी कागदावर आलं: 'प्रतिनिधींची निवड, मतपेटीद्वारे'. "वोटिंग ओके," ते म्हणाले. "इलेक्शन नहीं."

त्या आठवड्यात जे काही झालं त्याची सर माझ्या लेखी कुठल्याच सणाला येत नाही. बंगाली, मल्याळम, उर्दू, तमिळ, नेपाळी. प्रत्येकाची लिपी वेगळी, म्हणून मतपत्रिकेवर चिन्हं हवी होती. इराने बसून काढून दिली: ग्राइंडर, हातोडा, मेजरिंग टेप, हातमोजा, वेल्डिंगचा मुखवटा आणि किटली. किटलीवरून दोघांत जुंपली, कारण किटली सगळ्यांनाच प्रिय. शेवटी चिठ्ठी टाकली. कॅन्टीनमध्ये डाळीचा घमघमाट आणि प्रचार एकत्र चालायचा. "कूलर का पानी ठंडा करूँगा," असं एक जण सांगे. दुसरा शपथेवर सांगे की बसचा एसी दुरुस्त होईल, इन्शाल्ला. बोटाला लावायला शाई नव्हती, म्हणून लोखंडावर खुणा करायचा पिवळा मार्कर घेतला आणि प्रत्येकाच्या डाव्या करंगळीच्या नखावर टिपका दिला. मतपेटी आमच्याच माणसांनी बनवली, जाड पत्र्याची, चारही बाजूंनी वेल्ड केलेली. काम इतकं सुबक की हात फिरवत राहावा. ती उघडायची कशी, याचा विचार मात्र एवढ्या कारागिरांत एकानेही केला नव्हता. शेवटी ग्राइंडरने कापली. ठिणग्या उडत होत्या आणि मी "अरे आत कागद आहेत" म्हणून ओरडत होते.

सगळ्यांत जास्त मतं टेपला पडली. टेप म्हणजे विष्णू सावंत. कणकवलीकडचे फिटर, चौदा वर्षं कंपनीत, बायको आणि दोन मुली गावी. बोलणं मोजकं. निकाल कळल्यावर त्यांनी फक्त टोपी काढून घाम पुसला आणि पुन्हा कामाला लागले. आठवड्याने कमिटीची पहिली बैठक झाली. कूलर नाही, बस नाही, सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट पुढे ठेवली. शेडमध्ये दुपारची सुट्टी हवी.

नियम उघड्या उन्हासाठी आहे. यार्डातली माणसं साडेबाराला आत येतात. पण आमचं निम्मं काम शेडमध्ये चालतं, आणि शेडला छप्पर आहे. कायद्याच्या लेखी ती सावली. पत्र्याखाली दिवसभर तापलेली, वेल्डिंगच्या धुराने भरलेली, माणसापेक्षा उंच पंखे तीच गरम हवा इकडून तिकडे ढकलतायत अशी सावली. संध्याकाळी बसमध्ये चढणाऱ्यांच्या निळ्या युनिफॉर्मवर पाठभर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असत. मी हे रोज बघत होते आणि दिसत नव्हतं. शेडमध्ये माझं जाणं वर्षातून दोनदा, तेही सकाळी आठला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

रविवारी सावंत आमच्याकडे जेवायला आले. पत्र लिहायचं होतं. मी सुरमईच्या तुकड्या तव्यावर टाकल्या आणि सांगून टाकलं, "मी कंपनीची एचआर आहे. मी स्वयंपाकघरात आहे. मी काहीही ऐकलेलं नाही." हॉलमध्ये अप्पा येरझारा घालत मराठीतून सांगत होते आणि इरा लॅपटॉपवर इंग्रजी करत होती. एक्झॉस्टच्या घरघरीत शब्द कळत नव्हते, पण अप्पांचा तो चढत जाणारा आवाज येत होता. इतक्या वर्षांनी तो आवाज माझ्या घरात. खरं सांगते, मासे परतता परतता मी हरखून गेले होते. मध्येच इराचा आवाज आला, "आजोबा, स्लो डाउन. यू आर नॉट ॲट द गेट." मी एकदा बाहेर जाऊन वाचायला हवं होतं. गेले नाही.

सोमवारी सकाळी नबील साहेबांनी मला बोलावलं. सावंत टेबलासमोर उभे होते. साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. पत्र नेटकं होतं, अदबशीर होतं, शेडमधल्या प्रत्येकाची खाली सही होती. आणि सह्यांच्या वर शेवटची ओळ होती: मागणी मान्य न झाल्यास होणाऱ्या परिणामांना व्यवस्थापन सर्वस्वी जबाबदार राहील.

पुण्या-मुंबईकडे युनियनचं कुठलंही पत्र याच ओळीने संपतं. साध्या पिण्याच्या पाण्याच्या माठाची मागणी असली तरी संपतं. लग्नपत्रिकेत 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असतं, तशी ती ओळ. त्यात धमकी किती आणि रीत किती, हे तिकडच्या मॅनेजरांना तोंडपाठ असतं. अप्पांनी ती सवयीने सांगितली होती, इराने इमानेइतबारे भाषांतर केलं होतं. पण हे शारजा होतं. इथे तिचा अर्थ एकच होत होता.

"कॉन्सिक्वेन्स," नबील साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "कौन सा कॉन्सिक्वेन्स? काम बंद करेगा? सावंत, तुमको मालूम है इधर स्ट्राइक का मतलब क्या होता है?"

सावंतांना मालूम होतं. चौदा वर्षांची नोकरी, आणि संप म्हटला की चार दिवसांत परतीच्या विमानात. ते म्हणाले, "सर, मेरे को इतना अंग्रेजी नहीं आता. लेकिन नीचे साइन मेरा है. तो लेटर मेरा है."

मी गप्प राहिले असते तर माझं काहीच बिघडणार नव्हतं. या माणसाने अप्पांचं नावही घेतलं नव्हतं आणि घेणारही नव्हता. मी म्हटलं, "सर, ती ओळ माझ्या वडिलांची आहे." आणि मग सगळं सांगितलं: पिंपरी, युनियन, रविवार, सुरमई. नबील साहेबांनी पत्र परत आपल्याकडे ओढलं आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"युनियन सेक्रेटरी," ते शेवटी म्हणाले. "तुम्हारे घर में. बुलाओ उनको."

मिलिंदने दुपारी अप्पांना आणून सोडलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. गेटवरच मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "अप्पा, ती ओळ मागे घ्या."

"आयुष्यात कधी घेतली नाही, सुमे."

"सावंतांची नोकरी आहे."

अप्पांनी खिशातलं पेन चाचपलं आणि आत चालू लागले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आई त्यांच्याबद्दल म्हणायची. मला धडकी भरली होती की आत जाऊन हे भाषणच सुरू करतील.

केबिनमध्ये नबील साहेबांनी त्यांना चहा दिला, "बैठो, अंकल" म्हणाले. अप्पांनी चहाला हात लावला नाही. पत्र पुढ्यात घेतलं, खिशातलं पेन काढलं, टेबलावरच्या फुटपट्टीने ती शेवटची ओळ सरळ रेघ मारून खोडली आणि बाजूला आपली छोटी सही केली. "गलती मेरी है. आदत से लिखा. आदमी आपका अच्छा है," ते म्हणाले. दोन मिनिटांचं काम. पण जन्मात कुठल्या मॅनेजरपुढे न झुकलेला माणूस एका फिटरसाठी झुकताना मी बघितला, आणि मला त्यांचा जेवढा अभिमान तेव्हा वाटला तेवढा खोक्यावर उभे असतानाही कधी वाटला नव्हता. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

"शुक्रान, अंकल," नबील साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला होता. "लेकिन शेड में तो छाया है. इसलिए जवाब नो है."

"ठीक है," अप्पा उठले. "ना बोलना है तो बोलिए. लेकिन यहाँ नहीं. वहाँ चलके बोलिए. अभी."

एक वाजत आला होता. नबील साहेब हसले, टोपी घातली आणि निघाले. मला वाटतं, म्हातारा थकून अर्ध्यातून परतेल असं त्यांना वाटलं असावं. ऑफिसच्या एसीतून बाहेर पडताच आम्हा तिघांचेही चष्मे पांढरे झाले. शेडच्या दारातून आत शिरलो आणि तापलेल्या लोखंडाचा आणि जळक्या रंगाचा वास थेट घशात उतरला. कुणीही काम थांबवलं नाही. एका वेल्डरने मुखवटा वर केला, तेव्हा हनुवटीवरून घामाची धार लागली होती. नबील साहेबांनी उभं राहायला म्हणून एका बीमवर हात टेकला आणि झटकन काढून घेतला. मग ते कूलरपाशी गेले, पाणी प्यायले, ग्लासकडे बघितलं. पाणी गरम होतं. अप्पा त्यांच्या शेजारी नुसते उभे होते, हात मागे बांधून. या माणसाला गप्प उभं राहता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दहा मिनिटं गेली असतील. 'नो' काही आलं नाही. नबील साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि सावंतांना हाक मारली. "यल्ला, खलास. साडेबारा से डेढ़. शेड बंद. कल से."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी मुद्दाम शेडमध्ये जाऊन उभी राहिले. अप्पांनाही नेलं होतं. एकेक ग्राइंडर थांबत गेला, मग प्रेस, मग क्रेन. आणि सगळं शांत झाल्यावर बाहेर समुद्र ऐकू आला. हमरियाचा धक्का अगदी जवळ आहे, पण इतक्या वर्षांत तो शेडमधून कधी ऐकू आला नव्हता. आधी कुणाला कळेना की या तासाचं करायचं काय. मग सगळे कॅन्टीनच्या थंडाव्यात आले, पुठ्ठे पसरले गेले, पत्ते निघाले, कोणी घरी व्हिडिओ कॉल लावला. अप्पांच्या हातात कुणीतरी लबनची, म्हणजे ताकाची, थंडगार बाटली दिली आणि ते त्या सगळ्यांत मांडी घालून बसले. त्यांना बंगाली येत नव्हतं, त्या पोरांना मराठी येत नव्हतं, आणि गप्पा मात्र ऐन रंगात आल्या होत्या.

परतताना गाडीत मी नुसती बडबडत होते. अप्पा म्हणाले, "अडीच तास मागितले, एक मिळाला. वाईट नाही. लिहून घेतलंस का?"

"काय?"

"हेच. साडेबारा ते दीड. साहेबांच्या सहीने."

"अप्पा, इथे शब्दाला मान असतो. आता कागद मागितला तर त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल."

"आज त्यांनी दिलं ते त्यांच्या चांगुलपणाने," अप्पा म्हणाले. "माणूस गेला की चांगुलपणा त्याच्याबरोबर जातो, सुमे. कागद राहतो."

मी रेडिओ लावला. जिंकलेल्या माणसाला कागदपत्रांचं बोलणं ऐकवत नाही.

पुढचे दोन उन्हाळे शेडमधलं काम पहाटे लवकर सुरू होत राहिलं आणि शेड साडेबाराला बंद होत राहिली. नवी माणसं आली ती हा तास आधीपासून असल्यासारखीच वागली. नबील साहेब कधी कधी स्वतः येऊन पत्त्यांचा डाव बघत उभे राहायचे. मलाही वाटायला लागलं की मिलिंद म्हणतो तेच बरोबर. ना झेंडा, ना घोषणा, आणि तरी मिळालं की. या वर्षी वसंतात नबील साहेब निवृत्त होऊन अम्मानला गेले. सगळ्यांनी मिळून त्यांना स्टीलची छोटी किटली करून दिली. त्यांच्या जागी माथुर साहेब आले, दिल्लीचे, हुशार, कामाला वाघ.

मी नोटीस चिकटवून आले त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सुमेधाजी, शेड एक घंटा बंद क्यों रहता है? डॉक्युमेंट दिखाइए."

मी फाइल उघडली. बैठकीचे फोटो होते. मतपत्रिका होत्या, कापलेल्या पेटीचा फोटोसुद्धा होता. अप्पांनी खोडलेलं पत्र होतं. त्या तासाबद्दल सहीचा एकही कागद नव्हता. माथुर साहेब वाईट वागले नाहीत. ते म्हणाले, लेखी काही नसेल तर सोमवारपासून शेड चालू ठेवावी लागेल, जहाजाची तारीख जवळ आली आहे. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल. नियम लिहून ठेवणं हीच माझी नोकरी, आणि तेवढंच मी केलं नव्हतं.

संध्याकाळी अप्पांना चिंचवडला फोन लावला. 'मी सांगितलं होतं ना,' असं ते म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "सावंत कसा आहे?"

सावंत काळजीत होते. इथे प्रत्येकाच्या व्हिसावर कंपनीचं नाव असतं, नोकरी गेली की व्हिसा गेला. ऑगस्टमध्ये त्यांच्या व्हिसाची मुदत संपते, आणि तो वाढवायचा की नाही हे नवे साहेब ठरवणार. शनिवारी सकाळी ते माझ्या केबिनच्या दाराशी येऊन उभे राहिले. "ताई, पत्र लिहायला हवं," ते म्हणाले. ऑफिसात ते मला नेहमी मॅडम म्हणतात.

या वेळी मी स्वयंपाकघरात गेले नाही. दार उघडं ठेवून आम्ही दोघांनी ते माझ्याच टेबलावर लिहिलं. तीन वर्षांपूर्वी काय ठरलं, कोणासमोर ठरलं, तेव्हापासून चक्कर येऊन पडणाऱ्यांची नावं आमच्या दवाखान्याच्या रजिस्टरात कशी विरळ होत गेली, आणि पहाटे लवकर सुरू केल्याने काम कसं अडलं नाही. हा तास लेखी द्यावा, एवढीच मागणी. एक पान. प्रिंटरमधून गरम कागद बाहेर आला. सावंतांनी पेन उचललं आणि त्यांचा हात कागदाच्या वर थांबला. या हाताने टेप धरून आयुष्यभर मापं घेतली, तो असा अडलेला मला बघवेना. मी पेन काढून घेतलं आणि पहिली सही माझी केली.

"ताई, तुम्ही कशाला?"

"माझ्याखाली करा," मी म्हटलं.

मग त्यांनी केली, मग कमिटीतल्या इतरांनी. बारा वाजून दहा मिनिटांनी मी कागद घेऊन माथुर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सावंत माझ्या मागे होते. माथुर साहेबांनी पत्र वाचलं, खालच्या सह्यांवर आले आणि पहिल्याच सहीपाशी थांबले. चष्मा काढून म्हणाले, "ये आपका साइन? सुमेधाजी, आप मॅनेजमेंट में हैं या लेबर में?"

"सर," मी म्हटलं, "माझ्याही व्हिसावर कंपनीचंच नाव आहे."

त्यांना मराठी कळत नाही. मी घाईत मराठीतच बोलले होते. मी तेच पुन्हा हिंदीत सांगितलं, आणि सांगताना मलाच ते पहिल्यांदा नीट कळलं. बहुतेक माथुर साहेबांच्या स्वतःच्या व्हिसावर कोणाचं नाव आहे ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. शेवटी हात पुढे केला आणि पेन मागितलं.

सहीनंतर शिक्का लागतो. इथे शिक्क्याशिवाय कुठल्याच कागदाला जीव नसतो, आणि कंपनीचा शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये असतो. मी तो आणला, शाईच्या पॅडवर दाबला आणि साहेबांच्या सहीवर असा मारला की टेबलावरचा चहा बशीत सांडला.